वही शिवायला लागणारा वेळ

मी नागपुरात हाताने वह्या शिवून विकते. ए-फाइव्ह आकार, 192 पानं, बाहेरून खादीचं कापड, किंमत 650 रुपये, हा माझा मुख्य माल. त्याशिवाय खिशात मावणाऱ्या छोट्या वह्या असतात, चित्रं काढणाऱ्यांसाठी जाड कागदाच्या असतात, आणि दिवाळीच्या आधी लाल कापडातल्या लांबट रोजमेळाच्या. प्रदर्शनात लोक वही उचलतात, मधोमध उघडतात, कागदावरून बोट फिरवतात आणि विचारतात, "ताई, एका वहीचे साडेसहाशे?"

हा प्रश्न रास्त आहे. शाळेच्या वहीची किंमत प्रत्येकाला पाठ असते आणि ती याच्या पासंगालाही पुरत नाही. विचारणाऱ्याला उत्तर मिळालं पाहिजे, आणि ते खरं असलं पाहिजे. ते उत्तर शोधता शोधताच मी हा धंदा शिकले. क्रोशाचं काम, मातीची भांडी, गोधड्या, कापडी बाहुल्या, असं काही घरून सुरू करायचं ज्यांच्या मनात आहे त्यांना उपयोगी पडेल म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी कच्च्या मालाचा हिशेब. एका वहीत आतला कागद, दोन पुठ्ठे, कापड, सुरुवातीला आणि शेवटी लागणारा हातकागद, दोरा, खळ आणि वर गुंडाळायचं वेष्टण मिळून साधारण 120 रुपये जातात. घाऊक घेतलं तर थोडे कमी. प्रत्येक नवीन माणूस इथेच थांबतो आणि म्हणतो, 120 चा माल, 300 ला विकू, दुपटीहून जास्त हातात येतात. पण वेळ कुठे गेला? कागद कापून घड्या घालायला वीस मिनिटं. घड्यांना भोकं पाडायला दहा. शिवायला पस्तीस. पाठीला खळ आणि जाळीचं कापड लावायला दहा. कव्हर तयार करायला वीस, वही कव्हरात बसवायला दहा. झाले पावणेदोन तास, आणि हे हात बसलेल्या माणसाचे, डझनभर वह्या एकत्र घेतल्या तरचे. शिकंज्यात वही दाबून ठेवते तो वेळ यात धरलेलाच नाही.

तासाला 120 रुपये धरले तर मजुरी 210. खोलीचं भाडं, वीज, वाया गेलेला कागद, सुया, पातं यांचे वहीमागे 50. म्हणजे 380 रुपये ही वहीची उत्पादन किंमत. सीताबर्डीतल्या दुकानात ठेवली तर दुकानदार 35 टक्के घेतो, माझ्या हातात 422 रुपये पडतात, आणि नफा उरतो 42. म्हणून किंमत 650. त्याच्या खाली गेले तर कुणाची तरी मजुरी कापावी लागते, आणि ती बहुतेक वेळा करणाऱ्या बाईची स्वतःचीच असते.

मी स्वतः विकते तेव्हा दुकानदाराचे ते 35 टक्के वाचतात, मग प्रदर्शनात वही स्वस्त का देऊ नये, असं ओळखीचे लोक नेहमी सुचवतात. कारणं दोन आहेत. पहिलं, प्रदर्शनातही स्टॉलचं भाडं असतं, ऑटो असतो, दिवसभर उभं राहणारा माणूस असतो. दुसरं जास्त महत्त्वाचं. ज्या दुकानदाराने माझा माल फळीवर मांडला, त्याच्या गिऱ्हाइकाला तीच वही धरमपेठेच्या हॉलमध्ये दोनशेने स्वस्त मिळाली, तर तो परत माझा माल कशाला ठेवेल? एक वही, एक किंमत, सगळीकडे. हा नियम मी मोडत नाही, नातेवाइकांसाठीही नाही. त्यांना वही भेट देते, पण स्वस्तात विकत नाही.

शिवण शिकले ती नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या बाइंडरकडे. कोर्टकचेरीची दफ्तरं, वाचनालयांची पुस्तकं आणि व्यापाऱ्यांच्या खतावण्या बांधण्यात त्यांचं आयुष्य गेलं. सगळे त्यांना काकाजी म्हणतात, मीही म्हणते. इतवारी बाजारातले व्यापारी लक्ष्मीपूजनाला लाल कापडाच्या, पांढऱ्या दोऱ्याने शिवलेल्या ज्या वह्या पुजतात, तशा वह्या त्यांनी खंडीने बांधल्या. आता हिशेब संगणकात गेले तरी पूजेला एक तरी वही लागतेच, त्यामुळे दसऱ्यापासून त्यांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते.

त्यांनी मला सर्वात आधी शिवायला बसवलं नाही. कागदाची एक पट्टी ओली करून तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "पाह्य, कोण्या बाजूनं वळते ते." पट्टी वळली. "हा ग्रेन. तो पाठीच्या लायनीत पाहिजे. आडवा आला तं वही कधी सरळ बसत नाही, कितीही दाब."

कारखान्यात कागद बनताना त्याचे तंतू यंत्राच्या दिशेने झोपतात. हवेतला ओलावा घेतला की तंतू लांबीत फारसे वाढत नाहीत, जाडीत फुगतात, म्हणून कागद तंतूंच्या आडव्या दिशेला पसरतो. ग्रेन पाठीला समांतर असेल तर पानं सहज उलटतात आणि वही उघडी ठेवली तर उघडी राहते. आडवा असेल तर पाठीजवळ लाटा येतात आणि पान स्वतःहून मिटायला बघतं. आता यातली अडचण अशी की बाजारात मिळणाऱ्या तयार ए-फोर रिमचा ग्रेन बहुधा लांबीत असतो. तो कागद मधोमध दुमडून ए-फाइव्ह केला की ग्रेन नेमका आडवा येतो. म्हणून मी रिम घेत नाही. मोठे ताव घेते आणि ते हवे तसे कापून घेते. कटिंगवाल्याला थोडे जास्त पैसे द्यावे लागतात. वही उघडताच माणसाला काहीतरी वेगळं वाटतं, ते यामुळे. त्याला कारण सांगता येत नाही, पण हाताला कळतं.

काकाजींकडे जुजबंदी शिकले. चार-चार कापलेले ताव एकात एक घालून दुमडायचे की एक जुज झाला, आठ पात्यांचा, म्हणजे दोन्ही बाजू मिळून सोळा पानांचा. असे बारा जुज एकामागून एक दोऱ्याने एकमेकांना बांधायचे. दोरा फार जाड घेतला तर बारा जुजांत मिळून पाठ फुगते आणि वही पाचरीसारखी दिसते. फार बारीक घेतला तर तो कागद कापतो. दोऱ्याला मधमाशीचं मेण चोळून घ्यायचं म्हणजे गाठ सरकत नाही. खळ मैद्याची, शिजवलेली. जुने बाइंडर त्यात चिमूटभर मोरचूद घालतात, त्याने झुरळं आणि कसर लागत नाही. मोरचूद विषारी असतं. माझ्या वह्या लहान मुलांच्या हातात जातात, म्हणून मी ते वापरत नाही, त्याऐवजी लवंगाच्या तेलाचे थेंब टाकते आणि खळ रोजची रोज करते. काकाजींना हे फारसं पटलेलं नाही. त्यांच्या हातच्या वह्या दप्तरखान्यात पिढ्यान्‌पिढ्या टिकायच्या असतात, माझ्या नाहीत, एवढं मात्र त्यांनी मान्य केलं.

नागपूरची हवा हा या धंद्यातला सर्वात मोठा भागीदार आहे, आणि त्याच्याशी आधी बोलून घेतल्याशिवाय कामाचं वेळापत्रक लावता येत नाही. मे 2013 मध्ये इथे 47.9 अंश तापमान नोंदलं गेलं होतं. तेवढं रोज होत नाही, पण मे महिन्यात पंचेचाळीसच्या आसपास पारा असणं आमच्या अंगवळणी पडलेलं आहे. दुपारची हवा इतकी कोरडी असते की कापडाला लावलेली खळ कापड पुठ्ठ्यावर ठेवेपर्यंत वाळते. पुठ्ठ्याच्या बाहेरून चिकटवलेलं कापड वाळताना त्याला बाहेर ओढतं, आतून चिकटवलेला कागद आत ओढतो. दोन्ही ओढ सारखी असेल तर पुठ्ठा सपाट राहतो. बाहेरचं घाईने वाळलं की तो ताटासारखा वळतो आणि मग शिकंज्यातही पुरता सरळ होत नाही.

मग लोक म्हणतात, कुलर लावा. खसच्या ताट्यांचा कुलर सुरू केला की खोली थंड होते, माणसाला बरं वाटतं, पण कागदाच्या गठ्ठ्याच्या कडा ओलावा पितात आणि मधला भाग कोरडाच राहतो. कडा लाटेसारख्या वर-खाली होतात. त्यावर शिवण केली तर भोकं एका रेषेत येत नाहीत. म्हणून आमच्याकडे उन्हाळ्यात काम पहाटे पाचला सुरू होतं आणि दहा-साडेदहाला थांबतं. घड्या घालणं आणि शिवणं त्या वेळात. खळीचं काम सगळ्यात आधी, उजाडता उजाडता. दुपारी कुलरच्या खोलीत बिलं करायची, पार्सलं बांधायची, ज्याला हवेचं काही वाटत नाही ती कामं. इतवारीहून आलेला कागद वेष्टणासकट खोलीत दोन दिवस ठेवायचा आणि मगच फोडायचा, म्हणजे तो खोलीच्या हवेशी जुळवून घेतो.

पावसाळ्यात सगळं उलट. जुलैत खळ वाळतच नाही. वह्या शिकंज्यात असताना मधले टीपकागद बदलत राहावे लागतात, नाहीतर खादीवर बुरशीचे काळे ठिपके येतात आणि ते जात नाहीत. मेपेक्षा जुलैत एका वहीला जास्त वेळ लागतो, किंमत मात्र तीच. म्हणून वर्षाचा हिशेब वर्षाचाच करायचा, महिन्याचा करायचा नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा आमचा खरा हंगाम. हवा चांगली असते, प्रदर्शनं असतात, दिवाळी असते, लग्नं असतात, डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असल्याने बाहेरगावचे लोक शहरात असतात. त्या महिन्यांत विकायचा साधा माल जमेल तेवढा मार्च-एप्रिलच्या सकाळी तयार करून ठेवायचा. कव्हरं मात्र आधी करायची नाहीत, कारण कोणता रंग चालेल ते दसऱ्याशिवाय कळत नाही. शिवलेले गठ्ठे जाड कागदात गुंडाळून ठेवले की चार-सहा महिने छान राहतात.

कव्हरासाठीची खादी वर्ध्याहून आणते. वर्धा आमच्यापासून पाऊण-एकशे किलोमीटर, सकाळच्या गाडीने जाऊन दुपारपर्यंत परत येता येतं. मगन संग्रहालयाच्या आवारात गेलं की मी दर वेळी थोडी जास्त रेंगाळते. 1938 मध्ये गांधीजींनी सुरू केलेलं हे ग्रामोद्योगांचं संग्रहालय आहे. पण मला तिथे आठवतो तो त्याच्याही आधीचा एक निर्णय. 1935 मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने ठरवलं की सूत कातणाऱ्या बाईला पोटापुरती तरी मजुरी मिळाली पाहिजे, त्यासाठी खादी महाग झाली तरी चालेल. तोपर्यंत खादी स्वस्त ठेवायची म्हणून कातणारीच्या हातावर फार थोडे पैसे पडत. गांधीजींना हे सलत होतं. गिऱ्हाईक तुटेल, खप कमी होईल, अशी भीती तेव्हाही बोलून दाखवली गेलीच. तरी निर्णय झाला. हाताच्या वस्तूची किंमत ठरवताना सुरुवात गिऱ्हाइकाच्या खिशापासून करायची की करणाऱ्याच्या तासापासून, हा प्रश्न आपल्या शेजारच्या गावात इतक्या आधी विचारला गेला होता, हे कळल्यावर मला 650 हा आकडा मोठ्याने सांगायला संकोच वाटेनासा झाला.

माझ्यासोबत दोघी जणी काम करतात. एक आधी साड्यांना फॉल-पिको करायची, नगावर. किती साड्या झाल्या तेवढे पैसे. नगावर काम करणाऱ्या बाईचं सगळं लक्ष पुढच्या नगाकडे असतं, आणि त्यात तिचा काहीच दोष नाही. तिला घर चालवायचं असतं. वही शिवताना मात्र दर जुजाला दोरा किती ओढायचा हे बोटांनी ठरवावं लागतं. सैल राहिला तर पानं हलतात, जास्त ओढला तर भोकं फाटतात. घाई झाली की पहिला फटका या ओढीला बसतो. म्हणून मी सुरुवातीपासून तासावर पैसे देते. हिशेबाची वही भिंतीला टांगलेली असते, ज्याची त्याने वेळ लिहायची. माझाही वेळ त्याच वहीत, त्याच दराने. मालकीण म्हणून मला वेगळा दर नाही, नफा झाला तर तो वेगळा. यामुळे एक फार कामाची गोष्ट होते. महिन्याच्या शेवटी ती वही उघडली की कोणत्या कामात किती तास गेले ते दिसतं. कोपरे दुमडण्यात फार वेळ जातो हे त्यातूनच कळलं. मग दुसरीने, जी घरी पाकिटं करायची, कोपऱ्यासाठी पत्र्याचा एक साचा सुचवला. आता तो साचा नसता तर काय झालं असतं असं वाटतं.

तिघी मिळून आठवड्याला जास्तीत जास्त पन्नास वह्या होतात. हा आकडा आम्ही दारावर लिहून ठेवला आहे, शब्दशः. कारण ऑर्डर घेताना माणूस फोनवर हो म्हणतो तेव्हा समोर हा आकडा दिसायला हवा.

विशेषतः दिवाळीत. सप्टेंबरच्या शेवटी कंपन्यांचे फोन येतात. कर्मचाऱ्यांना भेट द्यायच्या आहेत, तीनशे हव्यात, वर आमचं चिन्ह हवं, आणि पंधरा दिवसांत हव्यात. तीनशे म्हणजे आमचे सहा आठवडे. यंत्रावर शिवून आणून तुमच्या नावाने द्या, असंही सुचवलं जातं. मी ते करत नाही. ज्यांनी तेवढे आठवडे आधी सांगितलं त्यांचं काम घेते, अर्धे पैसे आधी घेते, आणि चिन्हाचा ठसा कापडावर मारायचा की आतल्या पानावर, याचा एक नमुना करून दाखवते. नमुन्याचे पैसे लागतात, ऑर्डर पक्की झाली की ते वळते करते.

एका कंपनीने माल घेतला आणि उरलेल्या अर्ध्या पैशांसाठी टाळाटाळ सुरू केली. आधी सही करणारे साहेब रजेवर, मग नवीन आर्थिक वर्ष, मग बिलावर अमुक क्रमांक नाही. लहान धंदेवाल्यांनी या बाबतीत कायदा वाचलेला असावा असं मला फार तळमळीने वाटतं, कारण तो आपल्या बाजूने आहे आणि बहुतेकींना माहीतच नसतो. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, असलेल्या लघु किंवा सूक्ष्म उत्पादकाचे पैसे खरेदीदाराने ठरलेल्या मुदतीत द्यायचे असतात, आणि ती मुदत 45 दिवसांपेक्षा जास्त ठेवताच येत नाही. लेखी करार नसेल तर 15 दिवस. हे 2006 च्या एमएसएमईडी, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यात आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. शिवाय आता आयकरातही अशी तरतूद आहे की मुदतीत न दिलेली ही रक्कम कंपनीला त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देतील त्या वर्षीच दाखवता येते. कंपनीच्या लेखा विभागाला व्याजापेक्षा याची जास्त धास्ती असते. माझ्या प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असतो. मी एक साधं पत्र लिहिलं, दोन्ही तरतुदींचा उल्लेख केला, आवाज चढवला नाही. पैसे आले. नसते आले तर केंद्र सरकारच्या पोर्टलवर तक्रार करता येते.

उद्यम नोंदणी आधार आणि पॅनवर घरबसल्या होते आणि तिला एक रुपयाही लागत नाही. पैसे घेऊन करून देणाऱ्या वेबसाइट्स सरकारी असल्यासारख्या दिसतात, त्यांच्यापासून सांभाळा. जीएसटीचं थोडक्यात सांगते. वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाच्या 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, पण राज्याबाहेर माल पाठवायचा असेल तर, काही ठरावीक हस्तकला वस्तू सोडून, उलाढाल कितीही असली तरी लागते. नागपूरला हा मुद्दा जास्त जवळचा आहे, कारण छिंदवाडा, सिवनी, बालाघाट, रायपूर ही आपली रोजची गिऱ्हाइकं आहेत आणि ती सगळी राज्याबाहेर आहेत. सुरू करण्याआधीच एखाद्या सीएकडे तासभर बसा.

दुकानांबद्दल. काही दुकानदार माल विकत घेतात, काही जांगडावर ठेवतात, म्हणजे विकला तर पैसे, नाहीतर माल परत. जांगडावर ठेवायला माझी ना नाही, पण तीन अटी आहेत. यादीवर सही, दर महिन्याला मोजणी, आणि फळीवर उन्हाची तिरीप येत नाही अशी जागा. खादीचा नैसर्गिक रंग उन्हाने उडतो. काचेच्या शोकेसमध्ये पश्चिमेच्या उन्हात चार महिने ठेवलेली निळी वही परत आली तर ती कुणालाही विकता येत नाही.

प्रदर्शनाचं सांगायचं तर हिवाळ्यात सिव्हिल लाइन्समधल्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या आवारात शिल्पमेळा भरतो, तिथे नुसतं फिरायला गेलं तरी खूप शिकायला मिळतं. देशभरातले कारागीर येतात. ते गिऱ्हाइकाशी कसं बोलतात, काम करता करता विकतात की नुसते बसतात, किंमत लिहून ठेवतात की विचारल्यावर सांगतात, हे सगळं मी तिथे पाहिलं. जे हातात काम घेऊन बसतात त्यांच्याभोवती लोक थांबतात, आणि त्यांच्याशी घासाघीस कमी होते. म्हणून मी स्टॉलवर शिवत बसते. समोर एक वही उघडी ठेवते, शेजारी फाउंटन पेन. लिहून पाहा म्हणते. शाई पसरत नाही, मागे उमटत नाही, हे त्यांचं त्यांना दिसतं. काही जण हातकागदाच्या वह्या मागतात. हातकागदाला ग्रेन जवळपास नसतो, तो दिसायला फार सुंदर, पण त्यावर पुरेशी कांजी चढवलेली नसेल तर शाई पितो. म्हणून मी तो फक्त सुरुवातीच्या आणि शेवटच्या पानाला वापरते आणि मागणाऱ्याला एक तुकडा देऊन त्यावर लिहून पाहायला सांगते.

साडेसहाशे का, असं विचारणाऱ्याला मी हातातली अर्धी शिवलेली वही दाखवते आणि सांगते की याला पावणेदोन तास लागतात, त्यातली पस्तीस मिनिटं या शिवणीची. बस, एवढंच. कच्च्या मालाचे आकडे सांगत नाही, पर्यावरणाबद्दल बोलत नाही. काही जण घेतात, काही जण "छान आहे" म्हणून पुढे जातात. पुढे जाणाऱ्यांवर माझा राग नाही. त्यांच्यासाठी 180 रुपयांची खिशातली छोटी वही आहे. दोन जुजांची, पुठ्ठ्याशिवाय, एकाच टाक्याच्या शिवणीची, अठरा मिनिटांत होते. तिच्यातही सगळ्यांचे तास निघतात. स्वस्त वस्तू करायची असेल तर कमी वेळाची वस्तू शोधावी लागते. तीच वस्तू स्वस्तात द्यायला गेलं की धंदा आतून पोखरतो.

शेवटचं, पोस्टाचं. माझा निम्म्याहून जास्त माल स्पीड पोस्टाने जातो. तिथे दर वजनाच्या टप्प्यांवर ठरतो, आणि 500 ग्रॅम ओलांडले की पुढचा टप्पा लागतो. गिऱ्हाइकांकडून जाड कागदाची मागणी होती, 120 जीएसएमची, म्हणजे एका चौरस मीटरला 120 ग्रॅम वजनाच्या कागदाची. मी काटा घेऊन बसले. ए-फाइव्हची 96 पाती 120 जीएसएममध्ये साधारण 358 ग्रॅम भरतात. पुठ्ठे आणि कापडाचे नव्वद-पंचाण्णव, वेष्टणाचे ऐंशी. 500 च्या वर गेलं. तीच वही 100 जीएसएममध्ये आतल्या कागदाची 298 ग्रॅम, आणि सगळं मिळून 500 च्या आत आरामात. शाईच्या दृष्टीने दोन्ही कागद माझ्या कसोटीला उतरले होते, म्हणून 100 ठरला. जाडच हवा असेल त्यांच्यासाठी 80 पात्यांची, म्हणजे 160 पानांची वही करते, तीही टप्प्याच्या आत बसते. कोणतीही वस्तू पाठवून विकायची असेल तर ती आखतानाच वेष्टणासकट काट्यावर ठेवून बघा. नंतर आकार बदलणं म्हणजे साचे, कापडाची कापणी, सगळंच बदलणं.

गेल्या काही महिन्यांपासून भरलेल्या वह्या परत येऊ लागल्या आहेत. कव्हर तेच ठेवून आत नवीन पानं घालून द्या, किंवा कापड विरलं आहे ते बदला. एक निवृत्त शिक्षिका आपली भरलेली वही घेऊन आल्या, आत त्यांच्या आईकडून लिहून घेतलेली ओवीगीतं होती, पाठीचा दोरा एका ठिकाणी तुटला होता. असं काम फुकट करून द्यावं असं फार वाटतं. पण दुरुस्तीलाही वेळ लागतो, आणि तो माझ्याबरोबर काम करणाऱ्या दोघींचाही असतो. म्हणून त्याचाही दर लावला आहे. जुज परत शिवायचे असतील तर 100 रुपये, पाठ बदलायची असेल तर 150, कापड नवीन हवं असेल तर कापडाचे वेगळे, आणि पावसाळ्यात दुरुस्ती घेत नाही, कारण तेव्हा खळ वाळत नाही.